विश्लेषण : कॅराव्हॅन जतच्या तलावाकाठी थांबली तर? पाणी किती लागेल आणि मैला कुठे जाईल?

बेड, गॅसची शेगडी, फ्रिज, संडास सगळं आत असलेली गाडी हायवेवर दिसली की आपला हात आपोआप मोबाइलकडे जातो. कॅराव्हॅन, कॅम्परव्हॅन, मोटारहोम अशी तिची वेगवेगळी नावं आहेत. राज्यात त्यासाठी २०२१ पासून स्वतंत्र धोरणही आहे. अडतं ते रात्रीच्या मुक्कामापाशी. ही गाडी उभी कुठे करायची? पाणी कुठे भरायचं? आणि आतला संडास कुठे रिकामा करायचा?

तलावाचा काठ हे त्यासाठी सगळ्यांना सुचणारं उत्तर. पण तो तलाव जत तालुक्यातला असेल, तर पहिली प्रतिक्रिया ठरलेली : 'इथं प्यायला पाणी नाही आणि पर्यटकांच्या गाड्या कसल्या आणताय?' ही प्रतिक्रिया रास्त आहे. म्हणूनच तिचा हिशोब मांडून पाहायला हवा. हा लेख कुठल्या मंजूर प्रकल्पाबद्दल नाही. असा थांबा जतमध्ये करायचा झाला, तर काय लागेल आणि कुठे चुकेल, हे समजून घेऊ.

कॅराव्हॅन पार्क म्हणजे नेमकं काय?

पार्क म्हटलं की कारंजी आणि झोपाळे डोळ्यांसमोर येतात. इथे तसं काही नसतं. कॅराव्हॅन पार्क म्हणजे गाडी उभी करायची सपाट, पक्की जागा आणि त्या जागेजवळ तीन गोष्टी : पिण्याच्या पाण्याचा नळ, विजेचा प्लग आणि घाण पाणी सोडण्याची सोय. बाकी सगळं गाडीतच असतं.

गाडीतल्या टाक्याही तीन समजा. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी बेसिन आणि अंघोळीच्या सांडपाण्याची. तिसरी संडासाच्या मैल्याची. लहान गाड्यांत तिसऱ्या टाकीच्या जागी सुटकेससारखा बाहेर ओढता येणारा १८-२० लिटरचा डबा असतो. चार जणांचं कुटुंब असेल, तर तो दोनेक दिवसांत भरतो. पुढचा सगळा विषय या डब्याभोवती फिरतो, म्हणून तो लक्षात ठेवा.

राज्याचं धोरण काय आहे?

महाराष्ट्राने मार्च २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात गाडी आणि पार्क असे दोन भाग आहेत. सिंगल अ‍ॅक्सल, ट्विन अ‍ॅक्सल, टेंट ट्रेलर, फोल्डिंग कॅराव्हॅन, कॅम्पर ट्रेलर असे गाड्यांचे प्रकार त्यात मोजले आहेत. पार्क खासगी जमिनीवर किंवा पर्यटन महामंडळाच्या मोकळ्या जागेवर करता येतो. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते.

त्याच वर्षी केरळने 'केरव्हॅन केरळ' ही योजना आणली आणि गाड्यांसोबत पार्कवरही भर दिला. पुढे २०२४ मध्ये महाराष्ट्राचं नवं पर्यटन धोरण आलं. दहा वर्षांत १ लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार हे त्याचं उद्दिष्ट आहे. म्हणजे कागदावर दार उघडं आहे.

एक सावधगिरी गाडीबाबत. जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन गॅरेजमध्ये बेड-किचन बसवायचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. पण नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्यामुळे आधी आरटीओ आणि मग गॅरेज, हाच क्रम बरा.

पण जतच का?

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा आहे, मुनावळ्याला २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू झालं. तिथे डोंगर, जंगल आणि वर्षभर पाणी आहे. जत त्या स्पर्धेत नाही आणि उतरूही नये. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा तालुका पावसाच्या सावलीत आहे. माळरान, मुरूम, डाळिंब-द्राक्षाच्या बागा आणि बेदाण्याची शेड ही त्याची ओळख.

जतकडे असलेली गोष्ट म्हणजे रस्ता. गुहागर-विजापूर महामार्ग चिपळूण, कऱ्हाड, विटा करत जतमधूनच पुढे जातो. कोकणातून किंवा साताऱ्याकडून गोल घुमट पाहायला निघालेली गाडी इथून जाते. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडून भाविक येतात, त्यातले कित्येक पायी. मार्गशीर्षात जतची यल्लमा यात्रा भरते, जनावरांचा बाजार भरतो. उत्तरेला पंढरपूर आहे.

म्हणजे जत हे 'चार दिवस राहू' असं ठिकाण नाही. ते 'आजची रात्र काढू आणि सकाळी निघू' असं ठिकाण आहे. कॅराव्हॅनच्या हिशोबात हा कमीपणा नाही. अशा गाड्यांना रोज एक रात्र लागतेच.

तलावातलं पाणी येतं कुठून?

हे समजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जतमधल्या तलावात दिसणारं पाणी नेहमी पावसाचंच असतं असं नाही. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळजवळ कृष्णा नदीतून ते पंपांनी उचललं जातं, टप्प्याटप्प्याने वर चढवलं जातं आणि कालव्यांतून पूर्वेकडे येतं. प्रत्येक टप्प्याला वीज लागते आणि त्या विजेचं बिल कुणीतरी भरतं. त्यामुळे म्हैसाळचं आवर्तन कधी सुटणार, ही इथली मोठी बातमी असते.

हे पाणी राजकारणही हलवतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधल्या ४० गावांवर दावा सांगितला. त्याला आधार होता या गावांनी पाण्यासाठी पूर्वी केलेल्या ठरावाचा. पाठोपाठ कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी सीमेपलीकडून आलं आणि तिकोंडीचा तलाव भरून वाहिला. महाराष्ट्राने विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग दिला. सुमारे दोन हजार कोटींची ही योजना जतच्या ६५ गावांसाठी आहे.

ज्या तालुक्यात एक तलाव भरणं ही दोन राज्यांची बातमी होते, तिथे तलावाकाठी पर्यटकांची सोय करायची तर लोकांचा पहिला प्रश्न पाण्याचाच असणार.

एका मुक्कामाला पाणी किती लागतं?

आता आकडे मांडू. समजा, थांब्यावर रोज १० गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी १०० लिटरची टाकी पूर्ण भरून घेते. एकूण पाणी १,००० लिटर.

जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे १० गाड्यांचं पाणी साधारण १८ माणसांच्या रोजच्या पाण्याइतकं. दहा हजार लिटरचा एक टँकर अशा थांब्याला दहा दिवस पुरेल.

१८ माणसांचं पाणी नगण्य आहे असं कुणी म्हणू नये. टँकरमागे कळशी घेऊन पळालेल्या माणसाला तर मुळीच सांगू नये. पण हे पाणी एखाद्या हॉटेलपेक्षा किंवा वॉशिंग सेंटरपेक्षा खूप कमी आहे, हेही खरं. कॅराव्हॅनमध्ये शॉवर जपून वापरावा लागतो, कारण टाकी संपली की संपली. 'नळाला मीटर, गाडी धुवायला बंदी आणि टंचाई जाहीर झाली की नळ बंद' एवढे तीन नियम पाळले, तर पाण्याच्या वापराने तलाव आटणार नाही.

मग धोका कुठे आहे?

त्या २० लिटरच्या डब्यात.

घरातल्या संडासात आपण भरपूर पाणी ओततो, त्यामुळे मैला पातळ होऊन जातो. कॅराव्हॅनमध्ये पाणी वाचवायचं असतं, म्हणून डब्यात साठलेला मैला नेहमीच्या सांडपाण्यापेक्षा खूप दाट असतो. वास येऊ नये म्हणून त्यात रसायन टाकतात. काही रसायनांत फॉर्मल्डिहाइड असतं. ते सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणूच मारतं. म्हणजे 'शेजारच्या लॉजच्या सेप्टिक टँकमध्ये ओता' हा उपायही चालत नाही.

आता हा डबा रिकामा करायची सोय नसेल, तर पहाटे पाच वाजता, अंधारात, कुणी बघत नसताना तो कुठे रिकामा होईल? ओढ्यात किंवा बाभळीच्या मागे. आणि पहिल्या वळवाच्या पावसात ते सगळं उतरत उतरत तलावात येईल.

जत शहराजवळचा बिरनाळ तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याशी जोडलेला आहे. पाणी जितकं कमी, तितका हा धोका मोठा. भरलेल्या तलावात मिसळलेली घाण विरळ होते. मे महिन्यात तळाशी गेलेल्या तलावात ती तशीच राहते आणि शुद्धीकरणावरचा ताण वाढतो. पुण्याजवळ पवना धरणाच्या काठावरचे तंबू आपण पाहिले आहेत. पिंपरी-चिंचवडला पाणी देणाऱ्या त्या धरणाकाठी आधी गर्दी झाली आणि नियमांची चर्चा मागून आली. जतला हा क्रम परवडणार नाही.

तलावाच्या किती जवळ थांबावं?

फोटोत चाकं पाण्याला टेकलेली छान दिसतात. प्रत्यक्षात दोन अडचणी आहेत.

पहिली, काठ एका जागी राहत नाही. जतसारख्या भागात तलावाचं पाणी दिवाळीला जिथे असतं, तिथून एप्रिलमध्ये खूप आत सरकलेलं असतं. मधली उघडी पडलेली जमीन म्हणजे गाळपेर. तिथे अनेक ठिकाणी शेतकरी पीक घेतात. चार-पाच टनांची गाडी त्या गाळात घातली, तर ती ट्रॅक्टर लावूनच बाहेर येईल. आणि ती जागा मोकळी दिसली तरी कुणाचं तरी पोट तिच्यावर असतं.

दुसरी अडचण उताराची. तलावाच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाणलोटात सांडलेली प्रत्येक गोष्ट शेवटी तलावात येते. म्हणून गाड्या पूर्ण संचय पातळीच्या बऱ्याच वर, मुरमाच्या कठीण जागेवर हव्यात. मैला रिकामा करण्याची जागा तर पाणलोटाच्या बाहेरच हवी. भरावाच्या खालच्या अंगाला ती करता येईल, पण तिथेही विहिरी असतात. त्यामुळे शोषखड्डा चालणार नाही. न झिरपणारी बंद टाकी आणि ती ठरावीक दिवसांनी उपसून नेणारी गाडी हवी. सांडव्याच्या वाटेत तर काहीच नको. तीन वर्षं कोरडा असलेला सांडवा चौथ्या वर्षी एका रात्रीत वाहू शकतो.

या सगळ्याचा साधा अर्थ असा : थांबा हायवेलगत करा आणि तलाव पाहायला चालत जा.

विजेचा प्लग ही चैन आहे का?

नाही, तो सुरक्षेचा भाग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. तपासात कारण पुढे आलं जनरेटरमधून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडचं. या वायूला रंग नसतो, वास नसतो. एसी लावून झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो बेशुद्ध करतो.

थांब्यावर वीज मिळाली, तर रात्रभर जनरेटर लावायची गरजच उरत नाही. १६ अँपिअरच्या एका प्लगमधून साधारण ३.७ किलोवॉट वीज मिळते. ती शेतातल्या ५ एचपीच्या मोटारीइतकी. पण एसी, फ्रिज, दिवे धरून एका गाडीची खरी गरज दोनेक किलोवॉटची असते. दहा गाड्यांना २० किलोवॉट, म्हणजे ५ एचपीच्या पाच-सहा मोटारी एका वेळी चालवण्याएवढी वीज. अर्थिंग नीट हवं, प्रत्येक प्लगला गळती ओळखून वीज तोडणारा स्विच हवा आणि मीटर हवा. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर जनरेटर लावून झोपू न देण्याचा नियम थांब्यावर ठळक लिहायला हवा.

जगात हे कसं चालतं?

दोन नमुने आपल्या कामाचे आहेत. अमेरिकेत लष्कराचा अभियंता विभाग पूरनियंत्रणासाठी वगैरे बांधलेले जलाशय सांभाळतो आणि त्यांच्या काठावर कॅम्पिंगची ठिकाणंही चालवतो. तिथे गाडीने कुठे उभं राहायचं ते ठरलेलं असतं, मुक्कामाच्या दिवसांना मर्यादा असते आणि मैला रिकामा करायला सगळ्यांसाठी एकच जागा असते. धरण बांधणाऱ्या खात्याकडेच काठाची जबाबदारी असल्याने टोलवाटोलवीला जागा कमी राहते.

दुसरा नमुना जर्मनी-फ्रान्सचा. तिथे लहान लहान गावांनीही आपल्या हद्दीत मोटारहोमसाठी थांबे केले आहेत. दहा-वीस गाड्यांची फरसबंद जागा, नाणं टाकून पाणी, विजेचा खांब, घाण पाण्याची जाळी आणि भिंतीवर गावातल्या बेकरीचा पत्ता. रिसॉर्ट नाही, स्विमिंग पूल नाही. लोक रात्रभर थांबतात, सकाळी गावात खरेदी करतात आणि जातात. जतला शोभेल तो हा नमुना.

पर्यटकांची सोय झाली, गावाला काय?

इथे एक गोष्ट विसरायला नको. जतच्या माणसाला चाकांवरचं घर नवं नाही. दिवाळीच्या सुमाराला इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, धान्य, शेळी, लेकरं. कारखान्याजवळच्या खोपीत काही महिने काढून ती परततात. मेंढपाळ बिऱ्हाड घोड्यावर टाकून चाऱ्यामागे फिरतात. गुड्डापूरला चालत जाणाऱ्या बाया रात्री रस्त्याकडेला थांबतात. ट्रकचालक केबिनमध्ये झोपतात. यातल्या कुणाला 'कॅम्पिंग' म्हणायची पद्धत नाही, एवढंच.

या सगळ्यांना रस्त्यावर हवं असतं ते काय? पाणी, दिवा, संडास आणि निर्धास्त झोप. कॅराव्हॅनवाल्यालाही तेच हवं आहे.

म्हणून थांबा करायचाच असेल, तर तो फक्त कॅराव्हॅनच्या भरवशावर करणं व्यवहाराचंही नाही. आपल्याकडे या गाड्या अजून कमी आहेत आणि त्यांचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उरलेले आठ महिने मोकळा पडलेला थांबा म्हणजे गंजलेले नळ आणि फुटलेले दिवे. तोच थांबा भाविक, चालक आणि मजूर यांच्यासाठी स्वच्छतागृहासह बारा महिने चालू राहिला, तर देखभालीला माणूस ठेवता येईल. पर्यटकांकडून पूर्ण दर, चालकांकडून थोडे पैसे, पायी भाविक आणि स्थलांतर करणाऱ्या मजूर कुटुंबांना मोफत, अशी विभागणी करता येते. महिला बचत गटाला भाकरी-ठेच्याचा आणि बेदाण्याचा स्टॉल द्या, गावात पैसा येण्याचा सर्वांत सरळ रस्ता तोच.

आणि फलक मराठीसोबत कन्नडमध्येही लावा. पूर्व जतमध्ये घरोघरी कन्नड बोलली जाते आणि गाड्याही दोन्ही राज्यांच्या असतील.

प्रस्ताव आलाच, तर काय विचारायचं?

उद्या तुमच्या ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत 'तलावाकाठी कॅराव्हॅन पार्क' असा विषय आला, तर रंगीत चित्रं बाजूला ठेवून हे पाच प्रश्न विचारा.

१. मैल्याची बंद टाकी कुठे आहे, ती कोण उपसणार आणि उपसलेला मैला कुठे नेणार? हे लेखी आहे का?

२. जागा पूर्ण संचय पातळीपासून आणि पाणलोटापासून किती दूर आहे? त्या जागेवर गाळपेर करणारं कुणी आहे का?

३. पाणी कुठल्या योजनेतून घेणार? टंचाईत नळ बंद करण्याचा अधिकार कुणाकडे असेल?

४. जागा एका खात्याची, तलाव दुसऱ्याचा, परवानगी तिसऱ्याची असेल, तर घाण आढळल्यावर फोन कुणाला करायचा?

५. हंगाम नसताना हा थांबा कोण वापरणार आणि सफाई कामगाराचा पगार कुठून येणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर पुढचे चार विचारायची गरज नाही. मोठा खर्च करून, टप्प्याटप्प्याने वर चढवून आणलेलं पाणी एका डब्याने खराब होणार असेल, तर गाड्या पुढे विजापूरला गेलेल्या बऱ्या. उत्तर नीट असेल, तर मात्र 'दुष्काळी तालुक्यात कसलं पर्यटन' म्हणून दार लावून घ्यायचंही कारण नाही. १,००० लिटर पाण्यात पाहुण्यांच्या १० गाड्या थांबवता येतात, आणि त्याच जागी आपल्या माणसांनाही रात्र नीट काढता येते.